सतरा हंड्यांची चाचणी

नव्या ट्रेलरमध्ये मी अगरबत्ती पेटवली की गिऱ्हाईक हटकून चपला काढायचं आणि हात जोडायचं. अगरबत्ती दाराच्या कडेकडेनं सावकाश फिरवायची आणि धूर कुठे बाहेर ओढला जातो ते बघायचं, एवढंच माझं काम. धूर सरळ वर गेला तर दाराचं रबर नीट बसलंय, वाकडा झाला तर तिथे फट आहे. एका गिऱ्हाइकानं शेवटी न राहवून विचारलंच, की शेखभाई, तुमच्यात पण हे चालतं का? मी म्हणालो, आमच्यात म्हणजे तपासणी खात्यात चालतं.

पैठण रोडवर चितेगावला एक कारखाना होता, तिथे मी सव्वीस वर्षं काढली. गाड्यांचे सांगाडे यायचे आणि त्यावर आम्ही घरं बांधायचो. फिरता दवाखाना, सर्व्हेवाल्यांची केबिन असली कामं जास्त. शेवटच्या काही वर्षांत हौशी लोकांसाठी प्रवासी ट्रेलर सुरू झाले. जीपच्या मागे जोडायचं चाकांवरचं घर. आत दोघांचा पलंग, गॅसची शेगडी, बेसिन, कपाटं, छतावर हवेसाठी झरोका. कारखान्यातून बाहेर पडण्याआधी ते घर तपासून 'योग्य' असा शिक्का मारणारा माणूस मी. उस्मानपुऱ्यातून सकाळी स्कूटरवर निघायचं, दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या खोड्या काढायच्या आणि संध्याकाळी परत. असल्या माणसाला कारखान्यात फार मित्र नसतात. मला दोन होते.

हा धंदा माझ्या रक्तातलाच म्हणायचा. पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या वर्षांत माझे अब्बा शहागंजात टांगे बांधायचे. टांगा तयार झाला की गिऱ्हाइकाला बोलावण्याआधी ते स्वतः दांड्यांमध्ये उभे राहायचे आणि आम्हा भावंडांना मागे बसवून गल्लीच्या टोकापर्यंत टांगा ओढत न्यायचे. लोक हसायचे. अब्बांचं म्हणणं होतं की टांगा चांगला का वाईट ते बसणाऱ्याला कळत नाही, घोड्याला कळतं. घोडा काही येऊन सांगणार नाही, म्हणून आपणच एकदा घोडा व्हायचं. मी नोकरीत पुष्कळ फॉर्म भरले आणि पुष्कळ ट्रेनिंगं केली, पण त्याहून जास्त मला कुणी काही शिकवलं नाही.

माझ्या खिशात कायम काचेची गोटी असायची. ट्रेलरच्या जमिनीवर सोडायची. जिकडे पळाली तिकडे उतार. गॅसच्या सांध्यांना साबणाचा फेस लावायचा. बुडबुडा फुगला की गळती. कपाटं पन्नास वेळा उघडायची आणि झाकायची. ट्रेलरखाली पाठीवर झोपून एकेक नट हातानं चाचपायचा. आणि सगळ्यात शेवटी पाणी. छतावर पाइप धरून अर्धा तास पाणी सोडायचं आणि आत एका माणसानं खडूची भुकटी लावलेल्या सांध्यांवर बोट फिरवत फिरायचं. भुकटीवर ओल उमटली की ट्रेलर परत आत. बाकी सगळ्या चुका गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी दिसतात. पाण्याची चूक दिसते ती घरापासून लांब गेल्यावर.

गिऱ्हाईक स्वतः तपासायला यायचं तेव्हा मजा असायची. बहुतेक लोक मुहूर्त गाठून यायचे. लिंबं, नारळ, फोटोवाला आणि सगळं खटलं सोबत. चाकाखाली लिंबू ठेवायची घाई इतकी, की चाकाचे नट कुणी बघायचं नाही. पैठणकडचे एक बागायतदार आले होते. त्यांनी काहीही न बघता बूट घालून पलंगावर ताणून दिली आणि अर्धा तास चक्क घोरले. उठून म्हणाले, 'झोप लागली, म्हणजे माल चांगला हाय.' मला हसू आलं खरं, पण नंतर वाटलं, हा माणूस अब्बांच्या जवळपास पोचला होता. त्यानं निदान आडवं होऊन बघितलं.

साळवे सिस्टर मात्र वेगळ्याच होत्या. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेल्या, हर्सूलला राहणाऱ्या, साठी ओलांडलेल्या बाई. हातात लांबट वही, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला. ट्रेलर त्यांनी असा तपासला जसा नवा पेशंट भरती करून घेतात. डोक्यापासून सुरुवात, पायापर्यंत, एकही जागा सोडायची नाही. साबणाचा फेस मी लावायच्या आत त्यांनी मागितला. पलंगाची उंची टेपनं मोजली. मी म्हणालो, सिस्टर, तुम्ही माझी नोकरी घालवणार. त्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, 'युनूसभाई, हा पलंग हौसेचा नाय. यावर माझा माणूस झोपणार हाय.'

त्यांचे यजमान तेव्हा जीपमध्येच बसले होते. साळवे साहेब. बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. पंचेचाळीस साली जन्मलेल्या माणसाचं असतं तसं ताठ बसणं, पण छाती निकामी झालेली. रोज दुपारी आणि रात्री ऑक्सिजनच्या मशीनवर काही तास काढावे लागायचे. मशीन विजेवर चालतं, म्हणून पलंगाखाली इन्व्हर्टर आणि बॅटऱ्यांची पेटी खास बसवून घेतली होती. हे सगळं कशासाठी, तर साहेबांना त्यांचे पूल बघायचे होते. नोकरीत त्यांनी मराठवाड्यात आणि कोकणात मिळून एकेचाळीस छोटे पूल बांधले होते. ओढ्यांवरचे, नाल्यांवरचे, ज्यांचं उद्घाटन करायला कुणी येत नाही असले. बांधून झाले की बदली व्हायची आणि पुन्हा तिकडे जाणं व्हायचं नाही. आता डॉक्टरांनी मोजके महिने सांगितले होते, आणि साहेबांनी एकच गोष्ट मागितली होती, की काम टिकलं का ते एकदा बघून येऊ. हॉटेलात मशीन, पायऱ्या, वीज जाणं, हे सगळं जमणारं नव्हतं. सिस्टरांनी आपली साठवण मोडून ट्रेलर घेतला. जीप चालवायला त्यांचा भाचा विलास सोबत होता, शाळेत मास्तर, सुट्ट्या साठवून आलेला.

सगळं तपासून झाल्यावर सिस्टरांनी वहीतल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, पाणी कधी टाकता?

त्या उन्हाळ्यात पाणी नव्हतं. कारखान्याची बोअर आटली होती आणि टँकर एक दिवसाआड यायचा. फाटकासमोर ओढ्यावर एक जुना दगडी पूल होता. दोन गाळ्यांचा, बुटका, रुंद कठड्यांचा. ओढा कोरडाच. पलीकडच्या वस्तीचा टँकर त्या पुलावर थांबायचा, त्यामुळे सकाळपासून बायका कठड्यावर हंडे मांडून बसलेल्या असायच्या. त्यांच्या डोळ्यांदेखत एका हौसेच्या ट्रेलरच्या छतावर अर्धा तास पाइप सोडायचा, हे माझ्याच्यानं झालं नाही. एप्रिलपासून मी पाण्याची चाचणी बंदच केली होती. कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. फॉर्मवर 'योग्य' आणि 'अयोग्य' असे दोनच रकाने. मी 'योग्य'वर खूण करत गेलो.

सिस्टरांना मी खरं ते सांगितलं. म्हणालो, सध्या टाकत नाही, पण दोन वर्षांत माझ्या हातून गेलेला एकही ट्रेलर गळलेला नाही. हे खोटं नव्हतं, आणि मला त्याची घमेंड होती. सिस्टरांनी खिडकीतून फाटकाकडे बघितलं. बायका, हंडे, ऊन. मग वही मिटून म्हणाल्या, 'राहू द्या. ते बरं दिसत नाय.'

दोघांनी सही केली. आम्हा दोघांनाही त्या दिवशी वाटलं की आपण चांगुलपणानं वागलो.

ते लोक आधी मराठवाड्यातले पूल बघत फिरले आणि जुलैत कोकणात उतरायला निघाले. आंबा घाटात पाऊस लागला. पावसात घाटमाथ्यापर्यंतचा चढ चढून ट्रेलर वळणावर उभा केला, दुपारचं जेवण झालं, साहेब मशीन लावून पलंगावर पडले आणि मशीन बंद पडलं. सिस्टरांनी पलंगाची फळी उचलली तर इन्व्हर्टरची पेटी पाण्यानं भरलेली. सोबत ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर होता म्हणून निभावलं. विलासनं ट्रेलर तिथेच सोडून जीप कोल्हापूरला पळवली. साहेब पाच दिवस दवाखान्यात होते. हे मला सिस्टरांनी फोनवर सांगितलं, तेही जणू ड्युटी बदलताना पुढच्या नर्सला सांगतात तशा आवाजात. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

ट्रेलर कारखान्यात परत आला तेव्हा गादीला कुबट वास येत होता. मॅनेजर साहेबांचं मत पडलं की घाटात फांदी लागली असणार आणि गिऱ्हाइकानं सही केलेली आहे, सबब दुरुस्ती गिऱ्हाइकाच्या खर्चानं. मी म्हणालो, फांदी नाही लागली, मी पाणी टाकलं नव्हतं. मग सही कशी केली, असं त्यांनी विचारलं. नोकरीतला पहिला मेमो मला त्या दिवशी मिळाला. दुरुस्ती कंपनीनं केली. त्या उन्हाळ्यात असेच नऊ ट्रेलर गेले होते. मी एकेकाला फोन लावला. दोन गळत होते. मालकांना वाटत होतं खिडकी उघडी राहिली असेल.

सिस्टरांच्या ट्रेलरचं छत मी स्वतः उघडलं. झरोक्याच्या चौकटीला चौदा स्क्रू असतात. फिटरनं एक भोक चुकीच्या जागी पाडलं होतं, चूक कळल्यावर शेजारी नवीन पाडलं आणि जुन्यावर पुट्टीसारखा चिकट मसाला थापून झाकलं. मसाला उन्हात आकसला. पाणी तिथून आत शिरलं, छताच्या प्लायवरून सरकत मागे गेलं, कपाटामागून उतरलं आणि बरोब्बर पेटीत पडलं. पाइप धरला असता तर दहा मिनिटांत कळलं असतं. त्या भोकात माझी करंगळीसुद्धा जात नव्हती. मी बराच वेळ ते बघत छतावर बसून राहिलो. लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

ऑगस्टमध्ये सिस्टर परत आल्या. या वेळी साहेबही खाली उतरले. बारीक झाले होते, हातात काठी, पण दाढी गुळगुळीत आणि इस्त्रीचा शर्ट. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी फिरायला मनाई केली होती. सिस्टरांनी त्यांना विचारलं होतं, घरी ठेवून किती दिवस वाढतील? डॉक्टरांनी नुसता औषधांचा कागद पुढे केला होता. तेव्हा उरलेले पूल बघायचेच असं नवराबायकोनं ठरवलं. एकोणीस झाले होते, बावीस राहिले होते, त्यातले बरेचसे कोकणात आणि तिकडे पाऊस चालू. सिस्टर मला म्हणाल्या, 'आता मात्र पाणी टाकल्याबिगर मी सही करणार नाय.'

पाऊस कोकणात होता, आमच्याकडे नव्हता. त्या साली आमच्या बाजूला ढग नुसतेच येऊन जायचे. टँकर चालूच होता. मी मॅनेजर साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, जे पाणी आहे ते दोनशे माणसांच्या पिण्याचं आहे, ते छतावर कसं देऊ? आणि त्यांचंही चुकीचं नव्हतं. मी बाहेर येऊन फाटकाशी उभा राहिलो. साहेबांना कुणीतरी खुर्ची आणून दिली होती. ते पुलाच्या कठड्याशेजारी, बायकांच्या हंड्यांजवळ बसले होते आणि काठीनं कठड्याचे दगड हळूहळू ठोकत होते. म्हाताऱ्या माणसाला वेळ जात नसेल, असं मला वाटलं.

त्या बायकांत गयाबाई होती. सकाळी आमचं कँटीन झाडायची आणि मग रांगेत येऊन बसायची. कारखान्यातल्या माझ्या दोन मित्रांपैकी एक तीच. तिनं विचारलं, ते दम लागलेलं माणूस कोण? मी सांगितलं. सगळंच सांगितलं, माझ्या सहीसकट. मागच्या वेळी तुमच्याकडे बघून पाणी टाकायला लाज वाटली हेही सांगितलं. गयाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच कँटीनच्या जमिनीवर चहा सांडलाय.

'आमच्या नावावर घातलं व्हय तुम्ही?' ती म्हणाली. 'वरून वतायचं अन् खालून धरायचं, भाई. पाणी काय पळून चाललंय का?'

सव्वीस वर्षं मी पाण्याची चाचणी घेत होतो. पाणी खाली पडतं आणि गटारात जातं, हेच मी बघितलेलं. ज्या बाईला एक हंडा दोनदा वापरायची सवय आहे तिला हे सांगायलाही लागलं नाही. पाणी वाया जाईल हे मला दिसलं होतं. ते अडवता येतं हे दिसलं नव्हतं, कारण मी तिला विचारलंच नव्हतं.

पुढचं काम तिनंच हातात घेतलं. पेंटच्या खात्यातून कोऱ्या ताडपत्र्या आणल्या, ट्रेलरखाली आणि चारी बाजूंनी अशा बांधल्या की सगळं पाणी एका कोपऱ्यात यावं, आणि तिथे दोन ड्रम मांडले. रांगेतल्या बायकांशी तिचं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. एक-दोघी कुरकुरल्या, ते दिसलं. मग टँकर आला, हंडे भरले, आणि भरलेले हंडे वस्तीकडे जायच्या ऐवजी फाटकातून आत आले. विलास मास्तर शिडीवर, आमचा फिटर छतावर, खालून बायका हंडा देणार. ज्यानं ते चुकीचं भोक पाडलं होतं तोच फिटर. मी मुद्दाम त्यालाच वर चढवलं होतं.

खडूची भुकटी लावून मी आत गेलो आणि दार लावून घेतलं. पहिल्या खेपेला सांध्यांवरून बोट फिरवत राहिलो. सगळं कोरडं. बाहेर येऊन तसं सांगणार तोच साहेब फाटकाशी सरकवलेल्या खुर्चीवरून बोलले. ते त्या दिवशी माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होते. दम पुरत नव्हता म्हणून शब्द सुटे सुटे यायचे.

'शेखभाई, घाटात जमीन सपाट नसते.'

खरं होतं. आमची चाचणी कायम कारखान्याच्या गुळगुळीत फरशीवर व्हायची आणि ट्रेलर चालायचा चढावर. चढावर पाणी मागे सरकतं आणि सपाटीवर जिथे कधी पोचत नाही तिथे साठतं. आम्ही ट्रेलरचं नाक जॅकनं हातभर वर उचललं, चाकांना दगड लावले आणि ताडपत्र्या पुन्हा बांधल्या. ड्रममधलं पाणी हंड्यात भरून परत वर.

या खेपेला मी भिंतींवर बोट फिरवत बसलो नाही. मी पलंगावर साहेबांच्या जागी जाऊन झोपलो. उशी ठेवायची तिथे डोकं, नाकावर नळी असते तिथे हात. अब्बांची आठवण झाली. वर पाणी ओतल्याचा आवाज येत होता, बाहेर बायका एकमेकींना सांभाळून धर म्हणून सांगत होत्या आणि मी डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होतो. चौथ्या की पाचव्या हंड्याला माझ्या कपाळावर थेंब पडला.

मागच्या कोपऱ्यातली पट्टी होती. भोक नव्हतं, पट्टीच अर्धा सूत आखूड कापलेली. सपाटीवर ती जन्मात गळली नसती. फिटरनं न सांगता पट्टी काढली, नवीन कापली, बसवली. मसाला सुकेपर्यंत दोन तास गेले. बायका तेवढा वेळ थांबल्या. स्वतःच्या पाण्यासाठी थांबायची त्यांना सवय होती, दुसऱ्याच्या छतासाठी थांबायची ही पहिलीच वेळ असावी. सिस्टरांनी त्या वेळात दोघींच्या मुलांचे कान तपासले आणि एकीला दवाखान्यात जायची चिठ्ठी लिहून दिली.

तिसऱ्या खेपेला मी पुन्हा पलंगावर. सगळे हंडे वर रिते झाले. कपाळ कोरडं, भुकटी कोरडी, पेटी कोरडी. बाहेर आलो तर सिस्टर दारातच उभ्या होत्या. मी फॉर्म पुढे केला. त्यांनी आधी आत जाऊन उशीवर स्वतःचा तळहात ठेवून बघितला आणि मगच सही केली. मी फॉर्मवर दोन रकान्यांच्या खाली पेनानं तिसरी ओळ लिहिली, 'चढावर उभा करून पाणी टाकलं.' पुढे ती ओळ कारखान्याच्या छापील फॉर्ममध्ये आली. माझ्या नोकरीत माझं म्हणून काही मागे राहिलं असेल तर ते तेवढंच, आणि तेही मूळ साळवे साहेबांचं.

ड्रममधलं पाणी बायकांनी नेलं. पिण्याला चालणार नव्हतं, मसाल्याचा वास होता. धुण्याला आणि जनावरांना गेलं. गयाबाई म्हणाली, म्हैस नाक मुरडील पण पिईल. पिण्याचं पाणी माझ्यामुळे त्यांचं एका दिवसाचं गेलंच. दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर मी उस्मानपुऱ्यातून स्कूटरच्या पुढे एक आणि मागे एक असे पाण्याचे कॅन बांधून आणले. बायकोनं विचारलं, चितेगावला वऱ्हाड आलंय का? मी म्हणालो, माझ्याकडे आलं होतं, आता मी वाढतोय.

साळवे मंडळी दुसऱ्याच दिवशी गेली. अधूनमधून विलासचा फोन यायचा. आंबा घाट पार झाला. राजापूरकडे चार झाले. एका पुलाच्या जागी मोठा झालाय, पण जुन्याचे दगड नव्याच्या पायात घातलेत, साहेब खूश आहेत. पाऊस? पाऊस मरणाचा आहे, आत ठणठणीत कोरडं. हा शेवटचा शब्द मी त्याच्याकडून दरवेळी वदवून घ्यायचो.

दिवाळीनंतर साहेब गेले. घरी, स्वतःच्या पलंगावर. मातीला मी गेलो होतो. सिस्टर रडल्या नाहीत, पण येणाऱ्या प्रत्येकाला पाणी विचारत होत्या आणि कुणी नको म्हणालं तरी पेला हातात देत होत्या.

जानेवारीत त्या ट्रेलर घेऊन कारखान्यात आल्या. विकायचा होता. म्हणाल्या, घेणाऱ्याला दाखवण्याआधी तुम्ही बघा. यात काही खोट असेल तर मी लपवणार नाय. मी नेहमीसारखा सुरू झालो. अगरबत्ती, गोटी, फेस. कपाटं उघडली तेव्हा पलंगाशेजारच्या खणात एक वही सापडली. पूर्वी सिस्टरांच्या हातात असायची त्याच जातीची, लांबट. मी ती बाहेर नेऊन त्यांना दिली. त्यांनी उघडली नाही. म्हणाल्या, 'तुम्हीच वाचा. मला पाठ हाय.'

साहेबांनी पुलांची यादी केली होती, बांधले त्या क्रमानं. प्रत्येकापुढे बारीक, ओव्हरसियरच्या अक्षरात एक ओळ. माझ्याच कामासारखं काम होतं ते, फक्त शिक्का नव्हता. 'कमान शाबूत, गवत काढायला हवं.' 'डावीकडचा दगड सरकला, ग्रामपंचायतीला सांगितलं.' 'वाहून गेला. चूक माझी, पाया उथळ घेतला होता.' हे त्यांनी स्वतःच लिहिलं होतं, कुणी मेमो दिला नसताना. मी पानं उलटत शेवटापर्यंत गेलो. सदतिसाव्यापर्यंत शेरे होते. पुढचे चार कोरे.

मी म्हणालो, चार राहिले की. सिस्टर म्हणाल्या, राहिले. दम राहिला नाही. मग त्यांनी माझ्या हातातून वही घेतली आणि पहिल्या पानावर बोट ठेवून परत दिली. ते पान मी घाईत उलटलं होतं.

पहिल्या नंबरावर चितेगाव होतं. पैठण रोड, ओढ्यावरचा पूल, दोन गाळे, दगडी. नोकरीतलं त्यांचं पहिलं काम. मी मान वर करून फाटकाकडे बघितलं. सव्वीस वर्षं मी दिवसातून दोनदा त्याच्यावरून स्कूटर नेली होती. ज्या दिवशी मी त्यांच्या पलंगावर झोपून कपाळावर थेंब पडायची वाट बघत होतो, त्या दिवशी ते बाहेर आपला पहिला पूल तपासत बसले होते, आणि त्याबद्दल आम्हा कुणाला एका शब्दानं बोलले नव्हते. त्यापुढे शेरा होता.

'कठड्यावर सतरा भरलेले हंडे. पेलतो.'

मी ट्रेलरच्या फॉर्मवर 'योग्य' असं लिहिलं आणि सही केली. मग फाटकाबाहेर जाऊन त्या कठड्यावर, गयाबाईच्या हंड्याशेजारी, जरा वेळ बसलो.